टोकियोचा बँड, ताडकळसची ओवी

आजचा एपिसोड बायकांनी बायकांसाठी बांधलेल्या गाण्यांचा आहे. पोचायचंय आपल्याला परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला, पण गाडी टोकियोवरून काढतोय. थोडा धीर धरा.

१९८३ साली जपानमध्ये टीडीके रेकॉर्ड्स या कंपनीनं ऑडिशन घेऊन पाच मुली निवडल्या आणि त्यांचा बँड केला. नाव ठेवलं ‘अकासाका कोमाची’, म्हणजे साधारण ‘अकासाका भागातल्या सुंदऱ्या’. नावावरूनच कळतं की कंपनीला काय विकायचं होतं. पुढे या पोरींनी नाव बदलून ‘प्रिन्सेस प्रिन्सेस’ केलं आणि गाणी स्वतः लिहायला लागल्या. जपानमधल्या त्या पहिल्याच होत्या असं नाही, ‘शो-या’ नावाचा बायकांचा हार्ड रॉक बँड १९८५ मध्येच रेकॉर्डवर आला होता. पण १९८९ मध्ये बुदोकानच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम करणारा बायकांचा पहिला बँड म्हणजे प्रिन्सेस प्रिन्सेस. त्याच वर्षी ‘डायमंड्स’ आलं. शब्द गिटारवाल्या कानाको नाकायामाचे, चाल गायिका काओरी ओकुईची. जपानच्या त्या वर्षीच्या विक्रीच्या यादीत ते १ नंबरला होतं, आणि २ नंबरलाही यांचंच गाणं! ‘डायमंड्स’च्या मागच्या बाजूला ‘एम’ नावाचं प्रेमभंगाचं गाणं होतं, ते लिहिलं ड्रमवाल्या क्योको तोमितानं. जपानी येत नसलं तरी ऐका, कळतं.

३१ मे १९९६ ला बुदोकानमध्येच शेवटचा कार्यक्रम करून हा बँड थांबला.

आता तारीख लक्षात ठेवा. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, एप्रिल १९९६ मध्ये, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला गंगुबाई अंबोरे नावाच्या बाई टेपरेकॉर्डरसमोर गात होत्या. ना हॉल, ना तिकीट, ना ड्रम. जात्यावरच्या ओव्या.

‘रॉक बँड आणि जात्याची ओवी, काहीही काय जोडतोस’ असं म्हणाल. ठीक आहे, पण जातं कसं चालतं ते बघा. पहाटे पुरुष झोपलेले असतात. दोन बायका समोरासमोर बसतात, खुंटा दोघींच्या हातात, मधूनमधून एक जण ज्वारीची मूठ टाकते. एकीनं ओळ काढायची, दुसरीनं उचलायची. ताल दगडाचा. गीतकार बाई, गायिका बाई, ऐकणारी पण बाईच. आणि कंपनी नाही, त्यामुळे ‘हा विषय नको’ म्हणणारं कुणी नाही. म्हणून तर सासूचा जाच, नवऱ्याची मारहाण, भावाची वाट बघणं, विठ्ठलाशी भांडण, सगळं त्यात आलं. प्रिन्सेस प्रिन्सेसला जी मोकळीक कमवावी लागली ती आपल्या आज्यांकडे होती. फक्त पहाटेपुरती आणि दळता दळता.

गंगुबाईंच्या ओव्यांत वनवासातली सीता आहे. रानात ती रडते, आणि तिचं ऐकायला कोण येतं? बोरी-बाभळी. झाडंच बायका होतात आणि तिची समजूत घालतात. मराठवाड्याचं रान बघितलंय ना? काटेरी झुडपांशिवाय दुसरं काय असतं तिथं! अयोध्येतलं कुणी आलं नाही, पण बांधावरची बोर आली. मला हे रामायण पुस्तकातल्या रामायणापेक्षा जास्त खरं वाटतं. इथं रामाची बाजू मांडायला कुणी बसलेलं नाही.

ही गाणी आपल्याला आज मिळतात ती दोन माणसांमुळे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ. १९८०च्या दशकाच्या शेवटापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जाऊन १,१०७ गावांतून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता माझ्या धंद्यातली गोष्ट: बर्नार्ड बेल नावाचे संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही जाणणारे संशोधक त्यांच्यासोबत आले आणि याचा डेटाबेस झाला. बाईचं नाव, गाव, विषय, सगळं नोंदवलेलं. आमच्या ऑफिसात लोक चार महिन्यांपूर्वीचा कोड कुणी लिहिला ते सांगू शकत नाहीत, आणि इथं १९९६ ची ओवी कुणाची ते सापडतं. २०१७ पासून ‘पारी’ या वेबसाइटवर, म्हणजे पी. साईनाथांनी सुरू केलेल्या संग्रहात, या ओव्या आवाजासकट यायला लागल्या. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. दोघांनाही फोनवर ओव्या ऐकणारी पिढी बघायला मिळाली नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ‘गिरणी आली आणि आपली संस्कृती गेली’ असे फॉरवर्ड तुम्हालाही येत असतील. ते लिहिणाऱ्यानं एकदा पायलीभर ज्वारी दळून बघावी. रोज अंधारात उठून, कधी पोटुशी असताना, कधी अंगात ताप असताना. डब्यात दळण घालून गिरणीवर टाकून येणं ही बाईची सुटकाच होती. जातं गेलं त्याचं दुःख बहुतेक आपल्यालाच आहे, ज्यांनी ते कधी ओढलं नाही. पण त्याबरोबर ती जागाही गेली जिथं दोघी बसून वाट्टेल ते बोलू शकत होत्या, आणि तिच्या बदल्यात गिरणीवाल्यानं काही दिलं नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मला तरी त्यातली एक निवडता येत नाही.

प्रिन्सेस प्रिन्सेस २०१२ मध्ये भूकंप आणि त्सुनामीग्रस्तांच्या मदतीसाठी पुन्हा एकत्र आल्या. जुनी गाणी तयारच होती, कारण ती छापलेली होती, विकलेली होती, लाखो घरांत होती. ओवीचं तसं नाही. जी टेपवर आली ती राहिली, बाकीच्या म्हातारीबरोबर गेल्या.

तर पारीवर जाऊन ताडकळस शोधा आणि गंगुबाईंना ऐका, हेडफोन लावून. आणि घरात आजी असेल तर फोनचा रेकॉर्डर चालू करा. आधी तिचं नाव, गाव, माहेर आणि तारीख बोलून घ्या, मग गाणं. आणि प्लीज, फाईलचं नाव ‘न्यू रेकॉर्डिंग १७’ ठेवू नका.