बाराही महिने चिखलात उभं असलेलं जंगल: 'मिरिस्टिका स्वॅम्प' म्हणजे काय?

डाळिंबाच्या बागेत पाणी साचून राहिलं तर काय होतं, हे सांगोल्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मातीतली हवा संपते, मुळं गुदमरतात आणि कुजतात. पण सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथं काही झाडं अशाच दलदलीत वाढतात. पाऊसही सोलापूरच्या पाच पटींहून जास्त! मग ती जगतात कशी?

उत्तर मुळांत आहे. ही झाडं जायफळाच्या कुळातली. पुरणपोळीत पडणारं जायफळ मूळचं इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं. 'मिरिस्टिका मॅग्निफिका' हा त्याचा पश्चिम घाटातला रानटी भाऊबंद. त्याच्या खोडातून बाजूला आधारमुळं फुटतात आणि चिखलात रुततात. केरळ-कर्नाटकातल्या दलदलींत 'जिम्नॅक्रान्थेरा' नावाचं झाड याहून पुढं जातं. त्याची मुळं चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि परत खाली जातात. वर राहिलेल्या भागावरच्या बारीक छिद्रांतून आत हवा शिरते. अमेरिकेतल्या दलदलींत बाल्ड सायप्रसलाही असे 'गुडघे' असतात, पण ते श्वासासाठीच आहेत का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

खरी अडचण बियांची आहे. बी मोठी, तिच्यावर लाल जायपत्री. ती धनेशासारखे पक्षी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. मात्र ही बी वाळली की मरते. धान्यासारखी साठवून पुढच्या वर्षी पेरता येत नाही. ताजी असतानाच तिला ओली, सावलीची जमीन लागते.

आणि अशी जमीन माणसालाही हवी असते. सखल दरी, संथ ओहळ, न आटणारं पाणी: भात आणि सुपारीला याहून चांगली जागा कुठली? पश्चिम घाटातल्या अनेक दलदली अशाच शेतात आणि बागांत गेल्या. बांबर्ड्याची वाचली, कारण गावानं ती देवराई म्हणून राखली. पुढं राज्य सरकारनं जैविक विविधता कायदा, २००२ खाली तिला वारसा स्थळ घोषित केलं. क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेसहा एकर.

कायद्याचं संरक्षण या साडेसहा एकरांना आहे. अशा दलदलीतलं पाणी मात्र वरच्या उतारांवरून झिरपत येतं. तिथलं जंगल काढून रबर लावलं किंवा ओहळ वळवला, तर आतल्या एकाही झाडाला कुऱ्हाड न लागता दलदल आटू शकते.