गणित्यांची पुंजयामिकी: मुंबई, १९५५

पॉल डिरॅक १९५४-५५च्या हिवाळ्यात मुंबईत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या काळी गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत भरे. इतिहासकार म्हणून आपण ज्यांना वाचतो ते दा. ध. कोसंबी तिथेच गणिताचे प्राध्यापक होते. डिरॅक यांनी तेथे पुंजयामिकीवर दिलेल्या व्याख्यानांची टिपणे के. के. गुप्ता आणि जॉर्ज सुदर्शन यांनी तयार केली व ती १९५५ साली निघाली. योगायोग असा की फॉन नॉयमन यांच्या १९३२च्या जर्मन ग्रंथाचा इंग्रजी अनुवादही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

विषय एकच, पण गणित शिकलेला वाचक डिरॅकपाशी अडखळतो. त्यांचे डेल्टा फलन एका बिंदूवाचून सर्वत्र शून्य, तरी त्याखालचे क्षेत्रफळ एक! रूढ संकलनशास्त्रात हे अशक्यच. फॉन नॉयमन यांनी प्रस्तावनेतच त्यावर आक्षेप घेतला आणि सारी मांडणी हिल्बर्ट-अवकाशावर उभारली: अवस्था म्हणजे सदिश, मोजायची राशी म्हणजे कारक, मापनात मिळू शकणाऱ्या किमती म्हणजे त्या कारकाचा वर्णपट. (डेल्टाला गणिती प्रतिष्ठा पुढे श्वार्ट्झ यांनी दिली.)

‘वर्णपट’ हा शब्द मोठा गमतीचा. हिल्बर्ट यांनी तो शुद्ध गणितात वापरला तेव्हा अणूंच्या प्रकाशरेषा त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हत्या. वीसेक वर्षांनी, १९२६ साली, श्रोडिंगर यांनी हायड्रोजनच्या ऊर्जा-पातळ्या एका कारकाच्या वर्णपटातूनच काढल्या.

पनवेलला गणित शिकवताना मला पुष्कळ वर्षे वाटे, की गणित्याला फॉन नॉयमन दिला की काम झाले. तसे होत नाही. विद्यार्थी प्रमेये बिनचूक सिद्ध करतात आणि शेवटी विचारतात, ‘पण सर, मोजले काय?’ व्याकरण पाठ, पण वाक्य कशाविषयी आहे याचा पत्ता नाही.

म्हणून आता मी आरंभ स्टर्न आणि गेरलाख यांच्या १९२२च्या प्रयोगापासून करतो. चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून जातो; काचेवर सलग पट्टा उमटायला हवा, तिथे तो दुभंगतो. उत्तरे दोनच, म्हणून अवकाश दोन मितींचे. चुंबक आडवा फिरवला की दुसरा कारक येतो आणि या दोन कारकांचा क्रम बदलला की गुणाकारही बदलतो. मग कुणीतरी विचारतेच: एकटा अणू सोडला तर तो कोणत्या बाजूला जाईल? इथे मी खडू खाली ठेवतो. सदिशाच्या घटकाचा वर्ग त्याची संभाव्यता देतो, हे गृहीतक म्हणूनच सांगावे लागते.