मातृभूमीची निवड

मानवतचा कापूस दूरदूरच्या बाजारांत जात असे. पण मानवत आणि सारा परभणी जिल्हा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात अडकलेला होता. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू, असा तो काळ. 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला तरी मराठवाड्याला मुक्तीसाठी 17 सप्टेंबर 1948 या दिवसाची वाट पाहावी लागली. मधल्या तेरा महिन्यांत संस्थानातील प्रत्येक विचारी माणसाला एक प्रश्न छळत होता : आपण नेमके कोणाचे?

त्याच संस्थानाच्या राजधानीत जन्मलेल्या एका तरुण वैमानिकाने या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले होते. त्याचे नाव इद्रिस हसन लतीफ. पुढे हेच गृहस्थ आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले.

लतीफ यांचा जन्म 9 जून 1923 रोजी हैदराबाद येथे झाला. निजाम महाविद्यालयात शिकत असतानाच, वयाच्या अठराव्या वर्षी, ते हवाई दलाकडे वळले व 1942 मध्ये अधिकारी झाले. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. इंग्लंडमध्ये त्यांनी हरिकेन व स्पिटफायर ही लढाऊ विमाने चालविण्याचे शिक्षण घेतले आणि मायदेशी परतल्यावर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी सैन्याविरुद्ध उड्डाणे केली.

फाळणी झाली तेव्हा सैन्याचीही वाटणी झाली. असगर खान व नूर खान हे त्यांचे सहकारी पाकिस्तानात गेले. पुढे दोघेही तेथील हवाई दलाचे प्रमुख झाले. लतीफ यांनीही आपल्याबरोबर यावे असा त्यांचा आग्रह होता. धर्म एक, मैत्री जुनी, बढतीची संधी उघड. शिवाय ज्या हैदराबादेत लतीफ यांचे घर होते, ते संस्थान अजून भारतात आलेलेही नव्हते. तरीही त्यांनी भारताची निवड केली. धर्म ही श्रद्धेची बाब आहे आणि देश ही निष्ठेची; एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये, हे त्यांनी कृतीने दाखविले.

देशानेही त्या निवडीचा मान राखला. 26 जानेवारी 1950 रोजी पहिल्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या आकाशात झालेल्या संचलनात टेम्पेस्ट विमानांच्या तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. 1971 च्या युद्धाच्या वेळी ते हवाई दलाच्या मुख्यालयात नियोजनाची जबाबदारी सांभाळत होते. 1978 ते 1981 ही तीन वर्षे ते हवाई दलाचे प्रमुख होते. या पदावर पोहोचलेले ते पहिले मुस्लिम अधिकारी.

मार्च 1982 मध्ये ते मुंबईच्या राजभवनात आले. इंग्रजी अमलात याच मलबार हिलवरील वास्तूतून राजसत्तेचा प्रतिनिधी मुंबई इलाख्याचा कारभार हाकीत असे. स्वतंत्र भारताचा राज्यपाल हा राष्ट्रपतींनी नेमलेला असला तरी त्याला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे लागते. आयुष्यभर हुकूम दिलेल्या सेनानीला ही संयमाची परीक्षाच! तो काळही सोपा नव्हता. गिरणी कामगारांचा प्रदीर्घ संप सुरू होता. मे 1984 मध्ये भिवंडी व मुंबई दंगलींनी होरपळली. त्यांच्या पत्नी बिल्कीस यांनी मुंबईतील वास्तव्यात धारावीच्या झोपडपट्टीत सेवाकार्य केले. राजभवनाच्या हिरवळीवरून धारावीच्या गटारांकडे जाणारी ती वाट फार थोड्यांना सापडते.

1985 मध्ये लतीफ राजदूत म्हणून फ्रान्सला गेले. सेवा संपल्यावर ते आपल्या हैदराबादेत परतले आणि तेथेच 30 एप्रिल 2018 रोजी त्यांचे निधन झाले.

संख्येने थोड्या असणाऱ्या समाजाला आपली देशनिष्ठा पुन्हा पुन्हा सिद्ध करून दाखवावी लागते. हे दुःख आपल्यालाही अपरिचित नाही. लतीफ यांनी त्यावर तक्रारीचा सूर लावला नाही वा घोषणाही दिल्या नाहीत. नेमून दिलेले काम ते चोख करीत राहिले. आपल्या मुलांना देशप्रेम शिकविताना मराठवाड्याच्या या शेजाऱ्याची कथा अवश्य सांगावी.