मॉरिशसमधील मराठी समाजाची जडणघडण : जहाज, मळा आणि गणपती

प्रास्ताविक :

परदेशस्थ मराठी समाजाचा विचार आपल्याकडे बहुधा लंडन-अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांपासून सुरू होतो. तत्पूर्वी कितीतरी वर्षे मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या माणसांकडे, प्रामुख्याने कोकणातील शेतकरी व मजुरांकडे, अभ्यासकांचे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. या माणसांनी तयार समाज सोबत नेला नव्हता; परक्या भूमीवर, पुष्कळदा कायद्याच्या विरोधात, तो त्यांना नव्याने घडवावा लागला, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

जहाज व मळा :

१८१० मध्ये ब्रिटिशांनी फ्रेंचांकडून मॉरिशस जिंकून घेतले. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी संपुष्टात आली आणि उसाच्या मळेवाल्यांना मजुरांसाठी हिंदुस्थानचा आधार घ्यावा लागला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईस येथे उतरले. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर आली. त्यांत कलकत्त्याहून गेलेल्यांची संख्या सर्वांत मोठी, त्याखालोखाल मद्रासची, तर मुंबईची सर्वांत कमी. मराठी भाषक हे हिंदी मजुरांमध्येही अल्पसंख्यच होते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या आगमनांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. नाव, पित्याचे नाव, वय, जात, उंची, गाव, अंगावरील खुणा असे तपशील त्यांत आढळतात. सोबत्यांसाठी अर्थातच रकाना नाही. तथापि नोंदी जहाजवार असल्याने कोण कोणाबरोबर आले हे लागोपाठच्या क्रमांकांवरून कळते. 'जहाजी भाई' हे नाते याच प्रवासात जन्मले. गावी ज्यांचे पाणी चालत नव्हते, त्यांच्याशी जहाजावर एकत्र जेवणे भाग पडले. उतरल्यावर हेच सोबती भाऊबंदांच्या जागी आले. या नात्याचे वर्णन करताना अनेक लेखक भावविवश होतात. हे नाते खरे असले, तरी ते निवडीतून नव्हे, निरुपायातून निर्माण झाले होते, हे विसरता कामा नये.

ह्यू टिंकर यांनी 'अ न्यू सिस्टिम ऑफ स्लेव्हरी' (१९७४) या ग्रंथात या पद्धतीस नव्या स्वरूपातील गुलामगिरी म्हटले. मरिना कार्टर यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात वेगळी बाजू पुढे आणली : परत आलेले मजूर व सरदार (मुकादम) आपल्याच गावांतून व नात्यागोत्यांतून माणसे नेत असत. म्हणजे जाणारा प्रत्येक जण अगदीच एकाकी नव्हता. परंतु ओळखीचा सरदारच हजेरी लावणारा व उसने पैसे देणाराही असे. या आपलेपणाला धाकाची किनार होती, हे ध्यानात घेतल्यास टिंकर व कार्टर यांची मते वाटतात तितकी परस्परविरोधी ठरत नाहीत.

मळ्यावर एक दिवस खाडा झाल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांवरही छायाचित्रासह ओळखपत्र व पोलीस परवाना बाळगण्याची सक्ती केली. विनापरवाना दुसऱ्या जिल्ह्यात सापडलेला मनुष्य भटक्या ठरून तुरुंगात जाई. मराठी भाषक थोडे व विखुरलेले. अशा स्थितीत लांबच्या मळ्यावरील आपल्या भाषेच्या माणसास भेटण्यास जाणे हाच अपराध ठरू शके! १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हिट्झ यांच्या पुढाकाराने ९,४०१ मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला. त्यातून शाही आयोग नेमला गेला व १८७५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

गाव, गणपती व आडनाव :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळेवाल्यांनी आपल्या जमिनींचे तुकडे विकावयास काढले. साठवलेल्या पैशांतून हिंदी मजुरांनी ते घेतले व मळ्यांबाहेर गावे वसली. समाज म्हणून एकत्र येण्यास जागा मिळाली ती येथे. मॉरिशसमध्ये १८९६ मध्ये गणेशोत्सव सुरू झाला, असे तेथील मराठी समाजात सांगितले जाते. टिळकांच्या सार्वजनिक उत्सवानंतरचे हे साल पाहून काहीजण त्याचा संबंध पुण्याशी जोडतील. मला तशी गरज वाटत नाही. कोकणात घरोघरी गणपती बसविण्याची चाल त्याहून जुनी आहे, आणि मॉरिशसमधील झाकरी नृत्य कोकणातील जाखडीचीच आठवण देते. गावाकडे घराचा असलेला गणपती येथे साऱ्या मराठी भाषकांचा झाला, जातींच्या भिंती त्यामुळे पूर्णतः पडल्या नाहीत, पण 'मराठी' ही एक ओळख तयार झाली. आज गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुटी आहे.

भाषेचे मात्र तसे झाले नाही. शेजाऱ्यांची भोजपुरी व सर्वांची क्रिओल घरात आली. मराठी पूर्वजांची भाषा म्हणून शाळेत शिकविली जाऊ लागली. घरातील बोलणे क्रिओलमध्ये आणि आरती मराठीत, असे दृश्य तेथे सहज आढळते. आडनावांचीही अशीच गत झाली. नोंदवहीत मजुराचे व त्याच्या पित्याचे नाव लिहिले जाई. पुढील पिढ्यांत तेच कुलनाम ठरले. त्यामुळे रामजी, बाबाजी अशी आडनावे लावणाऱ्या कुटुंबास आपले मूळ आडनाव पुष्कळदा ठाऊक नसते. जहाजातून उतरलेल्या त्या एका माणसाचे नाव मात्र रोज उच्चारले जाते.