बुटक्या मोटारी आणि कॅलिफोर्नियाचा कायदा

दुसरें महायुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियांतील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनीं जुन्या शेव्हरोलेट गाड्या घेऊन एक निराळाच छंद आरंभिला. गोऱ्या तरुणांना वेगाचें वेड, यांना सावकाशीचें. मागच्या पेटींत वाळूचीं पोतीं टाकावीं, स्प्रिंगांचे वेढे कापावे आणि गाडी जमिनीलगत आणून लॉस एंजेलिसच्या पूर्वभागांतील व्हिटियर बुलेव्हार्डवरून गोगलगाईच्या चालीनें मिरवावी! पोलिसांना हा उद्दामपणा वाटे. ज्यांना त्या शहरांत मानाची जागा सहजासहजीं मिळत नसे त्यांची ती मिरवणूक होती, हें फार थोड्यांनीं ओळखलें.

ता. १ जानेवारी १९५८ पासून असा कायदा अमलांत आला कीं, गाडीचा कोणताहि भाग चाकाच्या पोलादी कडेच्या खालच्या टोंकाहून खालीं असतां कामा नये. टायर फुटल्यास गाडी रस्त्यावर घासेल, ही भीति अगदींच खोटी नव्हती. परंतु कायद्यानें माप ठरविलें, आणि तेथेंच वाट सांपडली. १९५९ सालीं सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरे यांनीं आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानांतील पंपांवर चालणारे तेलाचे दट्टे बसविले. कळ फिरविली कीं गाडी उठे, पुन्हां फिरविली कीं बसे. पोलिसाच्या मोजपट्टीनें तरी काय करावें? पुढें लहान चाकें व अरुंद टायर यांचीहि प्रथा पडली. कारण गाडी खालीं बसली म्हणजे रुंद टायर मडगार्डला घासतो.

ती अट ता. १ जानेवारी २०२४ रोजीं रद्द झाली. तोंवर त्या पहिल्या तरुणांचे नातू स्टिअरिंगवर बसले होते.