लेकाची शाळा, लेकीची शाळा

जून जवळ आला की बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब संपतो आणि एकच विषय निघतो : लेकरांना कोणत्या शाळेत घालायचं? आज हा विषय आपण जुन्या बुलढाण्यापासून सुरू करू.

तेव्हा आपल्या वऱ्हाडात इंग्रजांचा कारभार होता. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. त्यांना चार मुलगे आणि एक मुलगी, ताराबाई. या भागात मुलींची शाळाच नव्हती. मग वडिलांनीच तिला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. याच ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. बाईला एक माप आणि पुरुषाला दुसरं का, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. टीका झाली तेव्हा जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले.

त्याच साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. ते मिळायला फार काळ गेला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळा त्या चालवू लागल्या. शहरात नगरपरिषदेच्या शाळा होत्याच. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुला-मुलीला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० ला.

आता शाळा दारात आहे. पण आमच्या गटातलंच सांगतो. मुलाच्या इंग्रजी शाळेच्या फीसाठी कर्जाचे अर्ज येतात. त्याच घरातली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. आम्हीही ते अर्ज मंजूर केले, कुणी काही विचारलं नाही. ती शाळा मुलीला पुरते, तर मुलाला का पुरत नाही? आणि मुलाला पुरत नसेल, तर मुलीला कशी चालते?

म्हणून शाळांची तुलना गणवेश आणि गाडी पाहून करू नका. जिल्हा परिषदेची पाहा, नगरपरिषदेची पाहा. तिसरीतलं मूल धडा वाचतं का? पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे का? मुलींसाठी वेगळं संडास आहे का, त्यात पाणी आहे का?

कमी दिसलं तर बोलायची जागाही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, असं कायदा सांगतो. पण बऱ्याचदा नाव आपलं असतं आणि बैठकीला घरधनी जातात. यंदा आपण स्वतः जाऊ. आणि फीच्या कर्जाचा अर्ज आला, तर आधी एवढंच विचारू : बाई, लेक कोणत्या शाळेत आहे?