भंगारातला शेगडा

2012 साली खाणी बंद झाल्या आणि मांडवी-जुवारीवरच्या बार्जी नांगरून पडल्या. मग त्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपांतली हत्यारं किलोच्या भावानं भंगारात जाऊ लागली. तिथूनच मी एक शेगडा, म्हणजे आपला बेंच व्हाइस, उचलून आणला.

गंज खरवडला तर खाली पार्किन्सनचं नाव! यॉर्कशरमधल्या शिपलीचा हा कारखाना. खुबी अशी की कळ दाबली की आतला अर्धा नट स्क्रूच्या आट्यांतून सुटतो आणि जबडा हातानं सरळ सरकतो. दांडा गरगर फिरवत बसायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची ही अक्कल.

रॉकेल, तारेचा ब्रश आणि रात्रीची जागरणं. तीन रविवार चोर्ल्याच्या रानवाटा चुकल्या, सायकल भिंतीला टेकून राहिली. ‘‘त्या लोखंडाशी बोलता तेवढं लेकीशी बोला की,’’ बायको म्हणाली. खरंच होतं ते.

चौथ्या रविवारी लेकीलाच हाताशी घेतलं. दात उमटू नयेत म्हणून जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून सायकलच्या चाकाचा आस धरला. नवा रंग मुद्दामच दिला नाही. हातोड्याचे जुने घाव तसेच ठेवलेत. त्यांवर बोट फिरवत तिनं विचारलं, ‘‘बाबा, हे कोणी मारले?’’

एकाही कामगाराचं नाव मला सांगता आलं नाही.